केंद्राध्यक्षाच्या टेबलावरून दिसलेले मतदान

शाळेत राज्यशास्त्र शिकवताना मतदानाचा हक्क फार लवकर शिकवून होतो. राज्यघटनेचे कलम ३२६, प्रौढ मताधिकार आणि एकसष्टाव्या घटनादुरुस्तीने एकवीस वर्षांवरून अठरा वर्षांवर आलेली वयोमर्यादा एवढे सांगितले की मुले पुढच्या धड्याकडे वळतात. हा हक्क एखाद्या वाडीवरच्या माणसापर्यंत खरोखर पोहोचावा आणि त्याने दिलेले मत मोजणीच्या टेबलापर्यंत जसेच्या तसे जावे यासाठी कोणाला काय काय करावे लागते, याचा उल्लेख पाठ्यपुस्तकात जवळजवळ नसतो. २० नोव्हेंबर २०२४ रोजी महाराष्ट्र विधानसभेच्या २८८ जागांसाठी मतदान झाले, त्या दिवशी सातारा जिल्ह्यातील एका डोंगराळ मतदारसंघात मी मतदान केंद्राध्यक्ष म्हणून काम केले. राज्यात त्या दिवशी एक लाखाहून अधिक मतदान केंद्रे होती, त्यांपैकी हे एक. तिथे जे पाहिले आणि करावे लागले ते सविस्तर लिहून ठेवावे असे वाटले, कारण निवडणुकीविषयी बोलताना आपण उमेदवारांविषयी आणि यंत्राविषयी पुष्कळ बोलतो, पण मतदान केंद्राच्या खोलीत नागरिकाने काय करायचे असते याविषयी फारच थोडे बोलतो.

१५ ऑक्टोबरला निवडणूक जाहीर झाली आणि काही दिवसांतच शाळेत नियुक्तीचे आदेश आले. आदेश आले की शिक्षकांच्या खोलीत पहिली चर्चा 'ड्युटी रद्द कशी करून घ्यायची' हीच असते. गंभीर आजार, तान्हे मूल किंवा घरात अंथरुणाला खिळलेले माणूस असेल तर सवलत मिळायलाच हवी आणि बहुधा ती मिळतेही. पण तेवढे कारण नसताना ओळखीपाळखी लावून नाव वगळून घेणे मला मनापासून खटकते. लोकप्रतिनिधित्व अधिनियम, १९५१ मधील कलम २८अ नुसार निवडणुकीच्या कामावर नेमलेला कर्मचारी अधिसूचनेपासून निकाल जाहीर होईपर्यंत निवडणूक आयोगाकडे प्रतिनियुक्तीवर असल्याचे मानले जाते. आयोगाकडे मतदान घेण्यासाठी स्वतःची वेगळी फौज नाही. शिक्षक, तलाठी, ग्रामसेवक, बँकेतले आणि महामंडळांतले कर्मचारी हीच त्याची फौज. आपण नाव वगळून घेतले की ते काम दुसऱ्या कोणाच्या तरी माथी जाते, आणि तो दुसरा माणूस पुष्कळदा आपल्यापेक्षा जास्त अडचणीत असतो.

प्रशिक्षण तालुक्याच्या ठिकाणी झाले. पडद्यावरच्या चित्रफितींपेक्षा प्रत्यक्ष यंत्र हाताळायला मिळाले त्याचा उपयोग अधिक झाला. बॅलट युनिटची (मतदार ज्यावर बटण दाबतो ते यंत्र) केबल व्हीव्हीपॅटला (मताची चिठ्ठी छापून दाखवणारे यंत्र) आणि व्हीव्हीपॅटची कंट्रोल युनिटला (अधिकाऱ्याच्या टेबलावरचे, मते साठवणारे यंत्र) जोडायची, जोडणी करताना कंट्रोल युनिट बंद ठेवायचे, व्हीव्हीपॅटवर थेट उजेड पडू द्यायचा नाही, या गोष्टी हाताखालून गेल्या की लक्षात राहतात. प्रशिक्षक पुन्हा पुन्हा एकच सांगत होते, 'सीआरसी विसरू नका.' क्लोज, रिझल्ट, क्लिअर. अभिरूप मतदानात, म्हणजे खऱ्या मतदानाआधीच्या चाचणीत, टाकलेली मते पुसली गेली नाहीत तर ती खऱ्या मतांत मिसळतात आणि त्या केंद्राची आकडेवारी वादात सापडते.

आमचे स्वतःचे मतदानही याच काळात सुविधा केंद्रावर टपाली मतपत्रिकेने झाले. टपाली मतासोबत नमुना १३अ मधील घोषणापत्र जोडावे लागते आणि त्यावर मतदाराच्या सहीबरोबर साक्षांकन लागते. ते राहिले किंवा मतपत्रिकेचे पाकीट आणि घोषणापत्र यांवरचे क्रमांक जुळले नाहीत तर आतले मत न पाहताच बाद होते. लोकांकडून मतदान करवून घेणाऱ्या शिकल्यासवरल्या कर्मचाऱ्यांची मते अशा एका सहीसाठी वाया जावीत याचे मला वाईट वाटते. म्हणून आमच्या शाळेतल्या सगळ्यांना मी पाकीट चिकटवण्याआधी घोषणापत्र एकमेकांना दाखवायला सांगितले.

आपले केंद्र कोणते हे मतदानाच्या आदल्या दिवशी, साहित्य वाटपाच्या ठिकाणीच कळते. संगणकावर सरमिसळ करून पथके बनवलेली असल्यामुळे आपले सहकारीही तिथेच पहिल्यांदा भेटतात. माझ्या पथकात एक ग्रामसेवक, पाटबंधारे विभागातले एक लिपिक, एक प्राथमिक शिक्षिका आणि एक शिपाई होते. मंडपात सतरंजीवर बसून आम्ही साहित्य ताडून पाहिले. यंत्रांचे क्रमांक यादीशी जुळतात का, मतदार यादीच्या चिन्हांकित प्रतीची पाने पूर्ण आहेत का, प्रदत्त मतपत्रिका (ज्याच्या नावावर आधीच कोणी मत देऊन गेले आहे अशा मतदारासाठीच्या कागदी मतपत्रिका) वीस आहेत का, शाईच्या बाटलीचे बूच घट्ट आहे का, हे सगळे तिथेच पाहावे लागते. एकदा एसटी सुटली की कमी पडलेली वस्तू मिळणे अवघड.

केंद्र म्हणजे दोन खोल्यांची जिल्हा परिषदेची शाळा होती. पोलीस पाटील, कोतवाल आणि बीएलओ (केंद्राच्या मतदार यादीचे काम पाहणारा अधिकारी) म्हणून काम करणाऱ्या अंगणवाडी सेविका वाट पाहत होत्या. बचत गटाच्या महिलांनी जेवणाची व्यवस्था केली होती. शंभर मीटर आणि दोनशे मीटरच्या खुणा चुन्याने आखून झाल्यावर आम्ही सर्वांत जास्त वेळ मतदान कक्षाच्या जागेवर घालवला. वर्गाला मागे खिडकी होती आणि यंत्र तिथे ठेवले असते तर बाहेरच्या माणसाला मतदाराचा हात दिसला असता. कक्ष दुसऱ्या कोपऱ्यात हलवला, खिडकी पुठ्ठ्याने बंद केली आणि शिक्षिका बाईंनी स्वतः मतदाराच्या जागी उभे राहून, आम्हाला दाराशी, खिडकीशी आणि टेबलांपाशी उभे करून काही दिसते का ते पाहिले. मत गुप्त ठेवणे हे लोकप्रतिनिधित्व अधिनियमाच्या कलम १२८ नुसार त्या खोलीत काम करणाऱ्या प्रत्येकाचे बंधन आहे आणि त्याचा भंग केला तर तीन महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. पण गावात खरा धाक कायद्याचा नसतो. आपण कोणाला मत दिले हे कळले तर उद्या पाण्याच्या पाळीत, उसाच्या तोडीत किंवा रेशनच्या दुकानात त्याचा हिशेब होईल ही भीती असते. खिडकीवरचा तो पुठ्ठा मतदाराला या भीतीपासून मोकळे ठेवण्यासाठी होता.

पहाटे साडेपाचला अभिरूप मतदान सुरू करायचे होते. खऱ्या मतदानाच्या दीड तास आधी, उमेदवारांच्या प्रतिनिधींसमोर, नोटासह प्रत्येक उमेदवाराला मते पडतील अशी किमान पन्नास मते टाकायची, व्हीव्हीपॅटच्या चिठ्ठ्या मोजायच्या आणि यंत्राच्या निकालाशी ताडायच्या, अशी पद्धत आहे. नमुना १० मधील नेमणूकपत्र घेऊन तीन प्रतिनिधी आले. उमेदवार त्याहून कितीतरी अधिक होते. आलेल्या तिघांपैकी एक जण तरुण होता आणि पहिल्यांदाच या कामावर आला होता. त्याने प्रत्येक मताची स्वतंत्र टिपण काढली, चिठ्ठ्या स्वतः मोजून पाहिल्या आणि कंट्रोल युनिटवर निकाल दिसू लागला तेव्हा आपल्या कागदावरचा एकेक आकडा मोठ्याने वाचला. त्यामुळे थोडा उशीर होत होता, पण मी त्याला थांबवले नाही. अभिरूप मतदान असते ते अशा माणसासाठीच. त्यानंतर क्लिअर दाबून सर्व उमेदवारांसमोर शून्य आल्याचे तिघांना दाखवले, व्हीव्हीपॅटच्या पेटीतून सगळ्या चिठ्ठ्या काढून त्यांच्या मागे शिक्के मारले, त्या काळ्या पाकिटात मोहोरबंद केल्या आणि हिरव्या कागदी सीलवर प्रतिनिधींच्या सह्या घेतल्या. गुप्ततेचे कलम वाचून दाखवले. सात वाजता पहिला मतदार आत आला.

सकाळी गर्दी बेताची होती, कारण भातकापणीची कामे चालू होती. नऊनंतर रांग वाढली. पहिला मतदान अधिकारी नाव आणि क्रमांक मोठ्याने वाचतो, तो प्रतिनिधींनी ऐकावा आणि आपल्या यादीत पाहावा म्हणून. दुसरा डाव्या हाताच्या तर्जनीला शाई लावतो, नमुना १७अ च्या नोंदवहीत सही किंवा अंगठा घेतो आणि चिठ्ठी देतो. तिसरा ती चिठ्ठी घेऊन, शाई पाहून, कंट्रोल युनिटवरचे बॅलट बटण दाबतो. मतदार बटण दाबतो, व्हीव्हीपॅटच्या काचेआड सात सेकंद चिठ्ठी दिसते आणि लांब आवाज होतो. तासन् तास हेच. पण या साखळीत पहिल्या अधिकाऱ्याचे मोठ्याने वाचणे थोडे जरी मंदावले तरी प्रतिनिधींचे लक्ष उडते, हे मला त्या दिवशी प्रकर्षाने जाणवले आणि मी ग्रामसेवकांना वरचेवर आवाज चढवायला सांगत राहिलो.

साडेदहाच्या सुमारास एक गृहस्थ आपल्या वयस्कर आईला घेऊन आले आणि तिच्याबरोबर मतदान कक्षापर्यंत जाऊ लागले. मी त्यांना थांबवले. "सर, तिला वाचता येत नाही, बटण कुठलं ते तिला समजायचं नाही," ते म्हणाले. मतदार अंध असेल किंवा शारीरिक दौर्बल्यामुळे बटण दाबू शकत नसेल तरच सोबती देता येतो. त्यासाठी सोबत्याचे घोषणापत्र घेतात, नमुना १४अ मध्ये नोंद करतात, आणि एका माणसाला त्या दिवशी एकाच मतदाराचा सोबती होता येते. वाचता न येणे हे सोबत्यासाठी कारण नाही, कारण यंत्रावर चिन्ह असते ते नेमके याचसाठी. मी आजींना विचारले, "आजी, चिन्ह ओळखू येतात ना? हाताने बटण दाबता येईल?" त्या म्हणाल्या, "येतंय की. डोळं चांगलं हाईत माझं." पुठ्ठ्याचे नमुना मतपत्र टेबलावर होते. त्यावर कोणत्याही खऱ्या उमेदवाराचे नाव नसते. चिन्हासमोरचे निळे बटण दाबायचे, दिवा लागेल, काचेत चिठ्ठी दिसेल आणि आवाज येईल, एवढे मी कक्षाबाहेरच त्यांना दाखवले. मुलगा नाराज झाला, पण दाराशी थांबला. आजी आत गेल्या. आवाज येईपर्यंत जरा वेळ लागला. त्या बाहेर आल्या आणि मुलाकडे न बघता रांगेतल्या ओळखीच्या बाईशी बोलत निघून गेल्या.

त्या मुलाचा हेतू वाईट होता असे मी म्हणणार नाही. आईला अडचण होऊ नये एवढेच त्याला वाटत असावे. पण घरातल्या बाईचे मत घरातला पुरुष ठरवतो ही सवय आपल्याकडे जुनी आहे आणि तिची नोंद पहिल्याच सार्वत्रिक निवडणुकीच्या कागदपत्रांत आहे. १९५१-५२ च्या निवडणुकीची यादी बनवताना देशातल्या अनेक भागांत स्त्रियांनी स्वतःचे नाव सांगितले नाही, 'अमक्याची बायको' किंवा 'तमक्याची आई' एवढीच ओळख दिली, आणि स्वतःच्या नावाशिवाय नोंद चालणार नाही हा आग्रह आयोगाने सोडला नाही म्हणून सुमारे २८ लाख स्त्रियांची नावे यादीतून वगळली गेली. त्या वेळी हा निर्णय कठोर वाटला असणार. पण त्यामुळेच आज यादीत प्रत्येक बाई स्वतःच्या नावाने आहे, आणि कोणी हाताला धरून आत आणली तरी कक्षात तिला एकटीलाच जाता येते.

अनुपस्थित, स्थलांतरित आणि मृत अशा मतदारांची एक वेगळी यादी केंद्राध्यक्षाकडे असते. तिच्यात नाव असलेला माणूस आला तर त्याला परत पाठवायचे नसते. ओळख काळजीपूर्वक तपासायची, सहीबरोबर अंगठाही घ्यायचा आणि मतदान करू द्यायचे. स्थलांतरित म्हणून नोंद झालेले एक आजोबा दुपारी आले. ते काही महिने मुलाकडे राहिले होते आणि पडताळणीच्या वेळी घराला कुलूप होते. ओळखपत्र जुळले, बीएलओ ताई त्यांना ओळखत होत्या, प्रतिनिधींची हरकत नव्हती. त्यांचे मत झाले, पण ती नोंद पाहून ते अस्वस्थ झाले होते. निवडणुकीपूर्वी यादीत आपले नाव पाहावे असे लोकांना नेहमी सांगितले जाते आणि नाव दिसले की लोक निश्चिंत होतात. नावाची सद्यस्थिती काय आहे हे बीएलओला विचारणेही तितकेच आवश्यक आहे. घर बदलले असेल तर नमुना ८ भरून द्यावा. मुंबईत नोंदणी झाली असेल तर गावाकडचे नाव नमुना ७ भरून कमी करावे, कारण एकाच वेळी दोन मतदारसंघांत नाव ठेवायला कायद्याची मनाई आहे. आमच्या भागातली शेकडो कुटुंबे माथाडी कामासाठी नवी मुंबईत गेलेली आहेत. गावचे नाव काढून टाकणे म्हणजे गावाशी नाते तोडणे असे त्यांना वाटते आणि मला ते समजते. तरीही दोन्हीकडे नाव ठेवल्याने याद्या फुगतात आणि दुसऱ्याच्या नावावर मत देऊ पाहणाऱ्याला सोय होते.

हे किती खरे आहे ते तीनच्या सुमारास दिसले. रात्रभर प्रवास करून नवी मुंबईहून आलेली एक तीस-बत्तीस वर्षांची बाई रांगेतून पहिल्या टेबलापर्यंत पोहोचली. ग्रामसेवकांनी तिचा क्रमांक वाचला आणि थांबले. त्या क्रमांकावर लाल शाईची रेघ आधीच होती. म्हणजे तिच्या नावावर मतदान झालेले होते. तिच्या बोटावर शाई नव्हती. ओळखपत्रावरचा फोटो, यादीतला फोटो आणि समोरची बाई एकच होती. मी १७अ ची नोंदवही उलटी चाळत त्या क्रमांकाची नोंद शोधली. तिथे एक सही होती आणि ती तिची नव्हती. सकाळी त्या नावाने जी कोणी आली तिला कोणत्याही प्रतिनिधीने आक्षेप घेतला नव्हता. दोन रुपये भरून ओळखीला आक्षेप घ्यायचा अधिकार त्यांना असतो, पण तो मतदार समोर असतानाच वापरता येतो.

बाई चांगलीच संतापली. "मी पगार कापून आले आणि माझं मत दुसऱ्याच कुणी टाकलं, मग मी आता काय करू?" असे ती म्हणाली तेव्हा रांगेतले लोकही गप्प झाले. इथे पुष्कळ जण परत जातात आणि कोणी त्यांना थांबवतही नाही, असे प्रशिक्षणात अनुभवी सहकाऱ्यांकडून ऐकले होते. मी तिला बसायला सांगितले आणि निवडणूक नियमांतला नियम ४९पी समजावून सांगितला, म्हणजे अशा मतदाराला कागदी मतपत्रिकेवर मत देता येते हे. ओळखीविषयी तिला काही प्रश्न विचारले, वडिलांचे आणि सासऱ्याचे नाव, घर कोणत्या आळीत, शेजारी कोण, आणि तिने सगळी उत्तरे ताबडतोब दिली. मग नमुना १७ब मध्ये तिची नोंद करून सही घेतली आणि पाठीमागे 'प्रदत्त मतपत्रिका' असे नमूद असलेली एक मतपत्रिका तिला दिली. तिच्यासाठी यंत्र नव्हते. बाणफुलीचा शिक्का घेऊन ती कक्षात गेली, आपल्या पसंतीच्या चिन्हावर तो उमटवला, मतपत्रिका घडी घालून माझ्याकडे आणून दिली आणि मी ती तिच्यासमोर वेगळ्या पाकिटात ठेवली.

मग तिने जो प्रश्न विचारला त्याचे खरे उत्तर देणे मला भाग होते. "हे मत मोजणार ना?" नेहमीच्या मतमोजणीत हे मत मोजले जात नाही. निकालाला उच्च न्यायालयात आव्हान दिले गेले आणि न्यायालयाला आवश्यक वाटले तरच ते पाकीट उघडले जाते. मी तिला तसे स्पष्ट सांगितले. राजस्थानात २००८ साली नाथद्वारा मतदारसंघात सी. पी. जोशी एका मताने हरले होते, तेव्हा असे एखादे मत किती महत्त्वाचे ठरू शकते हेही सांगितले. तिचे पूर्ण समाधान झाले नाही आणि ते व्हायचे कारणही नव्हते. दुसऱ्याच्या नावाने मत देणे हा गुन्हा आहे, पण त्याची भरपाई म्हणून तिला मिळाला तो मोजणीबाहेरचा एक कागद. केंद्राध्यक्षाच्या दैनंदिनीत मी घटना वेळेसह लिहिली, क्षेत्रीय अधिकाऱ्यांना फोनवर कळवले आणि तिला तक्रार कुठे करता येईल ते सांगितले. जाताना तिने डाव्या बोटाला शाई लावून घेतली.

या प्रसंगाचा विचार करताना माझे मत ठाम झाले आहे की त्या टेबलाशी सर्वांत मोठी ताकद गावातल्याच माणसाची असते. आम्ही परगावचे. आम्हाला त्या गावातला एकही चेहरा ओळखीचा नव्हता, आणि तो नसावा अशीच व्यवस्था आहे. चेहरा ओळखणारा माणूस म्हणजे मतदान प्रतिनिधी. तो त्याच मतदारसंघातला मतदार असतो, त्याला नाव ऐकू येते आणि माणूस दिसतो. सकाळी त्या खोलीत तिघेच होते आणि त्यांच्यापैकी एक जण त्या वेळी चहाला बाहेर गेला होता. पक्षांना सभेसाठी हजार माणसे मिळतात, मिरवणुकीला मिळतात, पण दिवसभर बाकावर बसून नाव ऐकणारा एक माणूस मिळत नाही. पक्षाशी बांधिलकी असणाऱ्या सुशिक्षित नागरिकाने हे काम कमीपणाचे मानू नये, असे मला कळकळीने वाटते.

सायंकाळी सहा वाजता दारात उभे राहून वेळ संपल्याचे जाहीर केले तेव्हा रांगेत बरीच माणसे होती. शेतातली कामे आटोपून बायका तेव्हाच आल्या होत्या. अशा वेळी रांगेच्या शेवटच्या माणसापासून सुरुवात करून पुढे क्रमांकाच्या चिठ्ठ्या देतात, म्हणजे नंतर आलेला कोणी मागे उभा राहू शकत नाही. चिठ्ठी मिळालेल्या प्रत्येकाला मत देता येते, मग कितीही वाजोत. त्या निवडणुकीत सायंकाळी पाचची राज्याची टक्केवारी ५८.२२ आणि अंतिम टक्केवारी ६६.०५ असल्यामुळे नंतर मोठा वाद झाला. राज्यभरात काय झाले हे एका खोलीत बसलेल्या माणसाने सांगू नये. माझ्या केंद्रावर सहानंतर मतदान चालले आणि ते चिठ्ठी मिळालेल्यांचेच होते, एवढे मी सांगू शकतो, आणि ते तपासण्याचा मार्ग कायद्याने ठेवलेला आहे.

तो मार्ग म्हणजे नमुना १७सी. शेवटच्या मतदारानंतर कंट्रोल युनिटचे क्लोज बटण दाबले. त्याआधी टोटल दाबून यंत्रावरचा आकडा सगळ्यांना दाखवला. १७अ च्या नोंदवहीतला शेवटचा अनुक्रमांक, नोंदवहीत सही करून मत न देता परत गेलेले, मतदान करू न दिलेले आणि यंत्रावरची एकूण मते हे सगळे १७सी च्या पहिल्या भागात लिहायचे असते. आमच्याकडे सही करून नकार दिलेला कोणी नव्हता आणि यंत्र व नोंदवही यांचा आकडा तंतोतंत जुळला. नियम ४९एस नुसार या हिशेबाची साक्षांकित प्रत हजर असलेल्या प्रत्येक प्रतिनिधीला द्यायची आणि पोच घ्यायची असते.

तोपर्यंत तिघांपैकी दोघेच उरले होते. त्यांतले एक वयस्कर गृहस्थ पिशवी उचलून निघाले होते. मी प्रत पुढे केली तर म्हणाले, "राहू द्या सर, तुम्ही आहात ना, आमचा विश्वास आहे." त्यांचा विश्वास खरा होता आणि मला त्याचे मोल वाटते. तरी मी त्यांना बसवून घेतले. मोजणीच्या दिवशी आमचे यंत्र टेबलावर येईल तेव्हा तिथे मी नसेन. यंत्रावरची एकूण मते आणि १७सी वरची मते एकच आहेत का हे त्यांच्या उमेदवाराच्या मोजणी प्रतिनिधीला पाहायचे असेल, तर हातात हीच प्रत लागेल. माझ्यावरचा विश्वास तिथे उपयोगी पडणार नाही. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीच्या वेळी १७सी मधील आकडे संकेतस्थळावर टाकावेत म्हणून प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले होते आणि न्यायालयाने मे महिन्यात, निवडणूक चालू असताना तसा अंतरिम आदेश देण्यास नकार दिला. हे आकडे लोकांसमोर यावेत असे मला वाटते. पण ज्या प्रती कायद्याने हातात मिळतात त्याही आपण न घेता घरी जाणार असू, तर मागणीला जोर कुठून येणार? ते गृहस्थ थांबले, चष्मा लावून आकडे एकदा वाचले आणि सही केली. तरुण प्रतिनिधीने तर टोटलचा आकडा आधीच आपल्या वहीत लिहून घेतला होता आणि तो प्रतीवरच्या आकड्याशी ताडून पाहिला.

सील करणे, पाकिटे लावणे, एसटीने परतणे आणि साहित्य जमा करणे यांत मध्यरात्र उलटून गेली. जमा करण्याच्या रांगेत सगळीच पथके थकलेली होती आणि तिथे घाई करण्याचा मोह होतो. स्वीकारणाऱ्या अधिकाऱ्याने प्रदत्त मतांचे पाकीट आणि नमुना १७ब वेगळे मागून घेतले, मोजले आणि माझ्या सहीखाली आपली सही केली.

मतमोजणी २३ नोव्हेंबरला झाली. निवडणूक याचिका दाखल करण्यासाठी निकालापासून ४५ दिवस असतात आणि तेवढ्या काळात त्या मतदारसंघात तशी याचिका झाल्याचे माझ्या ऐकिवात नाही. पुढे मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांच्या संकेतस्थळावर त्या मतदारसंघाचा नमुना २० मी पाहिला. यात प्रत्येक केंद्राची एक ओळ असते आणि तो कोणालाही पाहता येतो. आमच्या केंद्राच्या ओळीतली एकूण मते माझ्याकडच्या १७सी च्या आकड्याशी जुळत होती. शेवटच्या रकान्यात, प्रदत्त मतांची संख्या या शीर्षकाखाली, १ लिहिलेला होता. त्या पानाचा दुवा मी त्या तरुण प्रतिनिधीला पाठवला आणि ती ओळ प्रदत्त मत दिलेल्या त्या बाईंना दाखवायला सांगितले.